छापाखालची बाजू

आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक पाइपावर एक छाप उठतो. कंपनीचं नाव, माप, तारीख, मशीनचा नंबर आणि पाळीचं अक्षर. दुकानदार नाव वाचतो, मिस्त्री माप वाचतो आणि पुढचं कोणी वाचत नाही. ते फक्त आम्ही ऑपरेटर वाचतो, कारण त्यात आम्ही असतो. चार नंबरचं मशीन आणि ए पाळी म्हणजे मी.

मी उज्जैनचा. आमचं घर नानाखेड्याकडच्या एका कॉलनीत आहे. बाबा बँकेत होते, बदली होऊन महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मुलानं डिप्लोमा अर्धवट सोडून कारखान्यात मशीन चालवावं, हे त्यांना कधी पचलं नाही. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "क्वालिटीत आहे." मी समोरच बसून पोहे खात होतो. घास गिळला आणि पुढचा घेतला. पुढे मराठी मंडळात त्या क्वालिटीला 'ऑफिसर' चिकटला. तो कोणी चिकटवला ते मला ठाऊक नाही, पण मी तो काढला नाही एवढं नक्की. बायकोला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. तेव्हापासून ती माझे कारखान्यातले निळे कपडे अंगणातल्या दोरीवर न टाकता मागच्या बाजूला वाळत घालायला लागली. मला तेव्हा ते सोयीचंच वाटलं.

खरं तर काम लाज वाटण्यासारखं नाहीच. वरून पावडर ओतायची, ती आत वितळते आणि डायच्या, म्हणजे साच्याच्या, तोंडातून गरम, मऊ नळी होऊन बाहेर येते. मग पाण्याच्या टाकीतून जाताना घट्ट होते, पुढे छाप उठतो, त्यापुढे कटर. दिवसभर पांढरा पाइप सरकत राहतो आणि आवाज जरा बदलला तरी पाठमोऱ्या माणसाला कळतं. मला ते काम येतं. चांगलं येतं, असं म्हणायची माझी एके काळी हिंमत होती.

त्यात एक गोष्ट रोज, दर तासाला करायची असते. पाइपाच्या टोकाचा बोटभर रुंदीचा तुकडा कापायचा, त्याला आम्ही छल्ला म्हणतो. छल्ल्याची जाडी वर्नियरनं चार ठिकाणी मोजायची, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, आणि चारही आकडे रजिस्टरात लिहायचे. डाय जरा जरी एका बाजूला सरकली असेल तर पाइप एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ निघतो. बाहेरून तो गोलच दिसतो. वजन केलं तर वजनही बरोबर भरतं, कारण एका बाजूचं कमी झालेलं दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं. म्हणून तर चार ठिकाणी मोजायचं.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दिवस पक्का लक्षात आहे, कारण डब्यात उरलेलं श्रीखंड होतं. सकाळी माप बदललं होतं, एक इंची पाइप सुरू केला होता. पहिला छल्ला कापला. तीन आकडे ठीक आले, चौथा, म्हणजे वरचा, छापाखालचा, कमी आला. असं झालं की डायचे बोल्ट जुळवावे लागतात. एक कसायचा, समोरचा सैल करायचा, पुन्हा छल्ला, पुन्हा मोजायचं. तेवढा वेळ निघणारा सगळा माल भंगारात जातो. माझ्या किल्लीचं टोक झिजून गोल झालं होतं, ती बोल्टात फिरत होती. चांगली किल्ली शेजारच्या मशीनवर होती आणि तिथला माणूस जेवायला गेला होता. कँटीन साठ पावलांवर असेल. मी गेलो नाही. चौथ्या खान्यात तिसऱ्याचाच आकडा लिहिला आणि श्रीखंड काढलं.

कारण काही मोठं असतं तर बरं झालं असतं. घरी कोणी आजारी होतं, साहेबांनी दम दिला होता, असं काहीतरी. तसं काहीच नव्हतं. कंटाळा आला होता. पुढच्या तासाला करू म्हटलं आणि पुढच्या तासालाही तोच आकडा लिहिला. तीन तासांनी, पाळी संपायच्या आधी, किल्ली आणून डाय जुळवली, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या माणसाला काही सापडू नये. एवढी अक्कल मात्र शाबूत होती. तीन तासांचा माल गठ्ठे बांधून गोदामात गेला.

आमच्या गल्लीत बाई राहतात. त्या शाळेत मला गणित शिकवायच्या, आता निवृत्त आहेत, एकट्याच असतात. मराठी मंडळाचा नवा हॉल माधव नगरकडे बांधायचा चालला होता आणि त्याच्या बांधकाम समितीच्या बाई अध्यक्ष. गणपतीच्या सुमारास त्यांनी स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं. नळाचं काम एका मिस्त्रीकडे दिलं. साठीला आलेला माणूस, भैरवगढला राहणारा, आमच्या कॉलनीत वीसेक वर्षं काम करत आलेला. भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारल्याशिवाय छिन्नी लावायचा नाही आणि काम झाल्यावर फरशी स्वतः पुसून जायचा. बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं की घरचं काम नीट झालं तर हॉलचं सगळं नळकाम त्याचंच. बाथरूम, मोठं स्वयंपाकघर, गच्चीवरच्या टाक्या. एवढं मोठं काम त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. आतापर्यंत तो ठेकेदारांच्या हाताखाली राबला होता, हे काम त्याच्या स्वतःच्या नावावर होणार होतं. मला रस्त्यात थांबवून त्यानं ते दोनदा सांगितलं.

पाइप कुठला लावायचा यावर बाईंच्या ओट्यापाशी चर्चा झाली. मिस्त्री दुसऱ्याच कंपनीचा लावायचा. बाई म्हणाल्या, "अहो, हमारा लड़का पाइप की कंपनी में है, क्वालिटी में. उसी का लगाइए."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. "भिया, जवाबदारी आपकी?" इकडे भैयाला भियाच म्हणतात.

"हौ, आँख बंद करके लगाओ," मी म्हणालो. असं बोलताना माझी छाती फुगली होती, ती आठवली की आजही अंगावर काटा येतो.

दिवाळीच्या आधी एका सकाळी बाई बँकेत गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा पाणी दारातून बाहेर येत होतं. ओट्यामागची भिंत फुगून प्लास्टर खाली आलं होतं, नव्या कपाटाची दारं वाकली होती, डाळ-तांदळाचे डबे पाण्यात तरंगत होते. मला सुट्टी होती. बाबा आणि मी धावलो. मिस्त्री आधीच आला होता, त्यानं टाकीचा कॉक बंद केला, भिंत फोडली आणि पाइपाचा हातभर तुकडा कापून बाहेर काढला.

"भिया, आप ही देख लो," तो म्हणाला. "जोड़ एकदम पक्का है. फटा है तो लंबाई में फटा है."

मी तुकडा हातात घेतला. चीर सरळ छापातून गेली होती. तारीख वाचली. पाडव्याचा दुसरा दिवस. पुढे चार, पुढे ए. श्रीखंडाची चव जिभेवर आली, खरंच आली.

बाई पदर खोचून उभ्या होत्या. बाबा माझ्या बाजूला, हात मागे बांधून. बाबा म्हणाले, "बघ रे नीट. तुझाच विषय आहे."

"एक छल्ला काट के देखें क्या?" मिस्त्रीनं विचारलं. आमचा शब्द त्याला ठाऊक असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पाइपाच्या एका टोकाला पान्याचा बारीक ओरखडा होता. पकडताना असा ओरखडा उठतोच, त्यानं काही होत नाही, हे मला माहीत आहे आणि कोणत्याही मिस्त्रीला माहीत असतं. मी त्यावर बोट ठेवलं. "उसकी जरूरत नहीं. ये देखिए, पाने का निशान. यहीं से कमजोर पड़ा." मग बाईंकडे वळून मराठीत सांगितलं, "बसवताना पाना जोरात लागलाय, बाई. पाइपात दोष नाही."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा जोड गळतोय का बघताना तो जसा डोळे बारीक करून बघायचा, तसं. मग मान खाली घालून म्हणाला, "हो सकता है, मैडम." त्यानं माझ्या हातातून तुकडा घेतला, आपल्या पिशवीत टाकला आणि फरशी पुसायला बसला. बाईंनी त्याला पुसू दिलं नाही. "रहने दीजिए," त्या म्हणाल्या. "और हॉल का काम अब आप मत देखिए. वहाँ सौ लोग आएँगे."

तो गेला. तुकडा त्याच्याबरोबर गेला म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला कशाची वाटत असेल तर त्या सुटकेची. खोटं बोललो ते घाबरून, एका क्षणात. पण त्यानंतर घरी जाऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

हॉलचं काम दुसऱ्याला गेलं. आमच्या गल्लीतल्या तीन घरांनीही मिस्त्री बदलला. बाई कोणाची निंदा करत नाहीत, पण विचारलं तर जे झालं ते सांगतात, आणि झालं ते म्हणजे मी सांगितलेलं. पुढे नानाखेडा बस स्टँडजवळ सकाळी काम मिळायची वाट बघत मजूर उभे राहतात, त्यांच्यात तो मला दिसला. पायाशी पिशवी, हातात चहा. मी मोटरसायकल लांबूनच वळवली. दुसऱ्यांदा दिसला तेव्हा मी वळवायच्या आत त्यानंच हाक मारली, "भिया, बाबूजी की तबीयत कैसी है?" मी ठीक आहे म्हणालो. तो म्हणाला, "नमस्ते कहना." मी बाबांना तो नमस्कार सांगितला नाही.

त्यानंतर माझं मशीनवर लक्ष लागेना. दर तासाला छल्ला कापायचो, चारऐवजी आठ ठिकाणी मोजायचो. शेजारच्या मशीनवरचा म्हणाला, "काय रे, पीएचडी करतोयस का?" एका सुट्टीच्या दिवशी, दुपारी, भैरवगढला गेलो.

त्याच्या गल्लीत छापाच्या चादरी वाळत होत्या, त्यांच्याखालून वाकून जावं लागलं. तो घरासमोरच्या ओट्यावर बसून पान्याला तेल देत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाडवा, किल्ली, चौथा खाना, सगळं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्यानं माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग पिशवीत हात घालून त्यानं एक छल्ला काढला आणि माझ्या तळव्यावर ठेवला.

"उसी शाम काटा था," तो म्हणाला. "भिया, वर्नियर आपके पास होता है, उंगली तो मेरे पास भी है."

एका बाजूला फाटलेला छल्ला होता तो. फाटल्या जागी कडा कागदासारखी पातळ, समोरची बाजू जाड. पातळ भागावर चिरेला लागूनच चार आणि ए.

"मग तेव्हा का नाही बोललात?" मी मराठीतच बोललो. घाबरलो की मी हिंदी विसरतो. त्याला कळलं.

"किसके सामने बोलता? आप क्वालिटी के अफसर, मैं मिस्त्री. मैडम किसकी मानती?" पान्यावरचं तेल पुसत तो म्हणाला, "और मुझे क्यों बता रहे हो? मुझे तो पता है. जिनको नहीं पता, उनको बताओ." मी छल्ला मागितला. पाना खाली ठेवून तो म्हणाला, "ले जाओ. पर वापस चाहिए. मेरा है."

बाईंकडे दुसऱ्याच दिवशी गेलो. एका दमात सांगून टाकलं, वजन बरोबर भरतं हेसुद्धा. बाईंचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, झालं. पण त्या म्हणाल्या, "किती चांगला आहेस रे. त्या गरिबाचं काम गेलं म्हणून तू स्वतःवर घेतोयस."

"नाही बाई, खरंच माझी चूक आहे."

"तू क्वालिटीतला माणूस. तुझ्या हातून असं कसं होईल? मला शिकवू नकोस. चहा घेणार का?"

त्या चहा टाकायला वळल्या. माझ्या खोट्याला त्यांनी एका मिनिटात मान दिला होता आणि खऱ्याला मात्र उभं राहायला जागा नव्हती. तिथं मला कळलं की अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय यातलं काहीच सांगितल्यासारखं होणार नाही. आणि तीच सांगायला जीभ उचलेना. पाइपाची चूक कबूल करताना इतकं जड गेलं नव्हतं.

"बाई, मी ऑफिसर नाही," मी त्यांच्या पाठीला म्हणालो. "क्वालिटीतही नाही. मी मशीन चालवतो. ऑपरेटर आहे. पहिल्यापासून तेच करतोय."

त्यांनी गॅस बंद केला. मी खिशातून वर्नियर काढलं, छल्ला टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "तुम्हीच मोजा." कसं धरायचं ते दाखवलं. बाईंनी चष्मा बदलला, चार ठिकाणी मोजलं आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चारही आकडे एकाखाली एक लिहिले. मग शेवटच्या आकड्याखाली रेघ ओढली.

"वजन बरोबर भरलं म्हणून सोडून दिलंस?" त्यांनी विचारलं. शाळेत विचारायच्या तसंच.

"हो."

"आणि त्या माणसाला मी फरशीसुद्धा पुसू दिली नाही." त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "रविवारी समिती आहे. मला सांगितलंस ते तिथे सांग. सगळं. आत्ता शेवटी सांगितलंस ते आधी."

रविवारी हॉलच्या ओल्या भिंतींमध्ये दहा-बारा माणसं खुर्च्या टाकून बसली होती. बाबाही होते. मी उभा राहिलो आणि बाईंनी सांगितलं होतं त्याच क्रमानं बोललो. "मी ऑपरेटर आहे" म्हणालो तेव्हा दोघा-तिघांनी बाबांकडे पाहिलं. बाबा आपल्या चपलांकडे बघत होते. माझ्या लाजेची मला आता सवय झाली होती, त्यांची बघवेना. घरी जाताना मोटरसायकलवर मागे बसून ते एवढंच म्हणाले, "तू पोहे खात होतास तेव्हा मीच बोललो होतो." दुसऱ्या दिवशी माझे निळे कपडे अंगणातल्या दोरीवर होते. बायकोनं टाकले की बाबांनी, ते मी विचारलं नाही.

कारखान्यातही साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, माल कधीच विकला गेला, आता कुठे शोधणार, आणि मला महिनाभर भंगार दळायच्या मशीनवर टाकलं. त्या तीन तासांतले बाकीचे पाइप कोणाकोणाच्या भिंतींत आहेत, मला माहीत नाही. कोणाच्या घरी ओल आलीय असं कानावर आलं की मी अजून विचारतो, पाइप कुठला होता?

हॉलचं नळकाम तोवर अर्ध्याहून जास्त झालं होतं. समितीनं मिस्त्रीला उरलेलं करायला बोलावलं. बाई स्वतः भैरवगढला गेल्या होत्या. त्यानं त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं सुरू केलेल्या कामाला तो हात लावत नाही.

छल्ला परत द्यायला मी गेलो तेव्हा तो कामावर निघायच्या तयारीत होता. मी सगळं सांगितलं, समिती, बाबा, भंगाराचं मशीन. तो "अच्छा किया" म्हणाला. त्यानं छल्ला घेतला, पातळ कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि पिशवीच्या बाहेरच्या खिशात ठेवला, पटकन हाताला लागेल असा.

"अब इसका क्या करोगे?" मी विचारलं. मला वाटलं होतं तो फेकून देईल. कदाचित माझ्यासमोर फेकेल, अशी आशाही होती.

"ग्राहक आपकी कंपनी का पाइप माँगता है तो दिखाना पड़ता है," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून, अगदी मऊपणे, मला धीर द्यावा तसं, "फिकर मत करो भिया. आपका नाम नहीं लेता."

त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि चादरींखालून वाकून निघून गेला. नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.